एकतीस सावल्या

दादाने संगणकाचा पासवर्ड बदलला तो सोमवार होता. धाकटी नेहमीप्रमाणे स्टुडिओ उघडायच्या दोन तास आधी आली, आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, आणि स्क्रीनने तिला तीनदा नाकारलं. चौथ्यांदा तिने प्रयत्न केला नाही. दादा आतल्या खोलीत दिव्यांच्या काचा पुसत होता. तिने दारात उभं राहून विचारलं, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला की दुकानातलं मशीन दुकानाच्या कामासाठी असतं, आणि तिचं आता या दुकानात काम उरलेलं नाही. तिने पिशवी उचलली. वहिनी काउंटरवर लिफाफे लावत होती. तिने बाजूला सरून वाट करून दिली, तेवढंच.

आदल्या दिवशी दादा कलादालनात जाऊन आला होता, हे तिला बाहेर रस्त्यावर आल्यावर उमजलं.

स्टुडिओ मूळचा त्यांच्या वडिलांचा. आई आधीच गेलेली, आणि सहा वर्षांपूर्वी बाबाही गेले तेव्हा तो दादाकडे आला. कॅमेरा दादाचा, काउंटर वहिनीचा, आणि मागच्या, खिडकी नसलेल्या कोपऱ्यातला संगणक धाकटीचा. लोकांच्या गालांवरचे मुरूम काढायचे, मिटलेले डोळे दुसऱ्या फोटोतून आणून उघडायचे, अबोला धरलेल्या जावेला कौटुंबिक फोटोतून काढून टाकायचं आणि समेट झाला की परत उभं करायचं, हे तिचं काम. वहिनीने तिला 'खोडरबर' हे नाव दिलं होतं आणि ती ते गिऱ्हाइकांसमोरही वापरायची. दादा हसायचा. नऊ वर्षांत धाकटीने त्या नावाला ओ दिली नव्हती, पण ती ते एकदाही विसरली नव्हती.

सकाळचे ते दोन तास मात्र तिचे स्वतःचे होते. त्या वेळात ती जी चित्रं करायची त्यात खोडणं कमी आणि जोडणं जास्त असायचं. एकदा तिने चुरगळलेल्या राखाडी चादरीचा समुद्र केला होता. त्यावरचं धुकं म्हणजे इस्त्रीची वाफ होती, आणि बघणाऱ्या दोघातिघांनी हा किनारा कुठला म्हणून विचारलं होतं. दहा ठिकाणचे दहा तुकडे एकत्र आणायचे आणि ते जन्मापासून शेजारीच होते असं वाटायला लावायचं, यात तिचा जीव रमायचा. कापणं कुणालाही जमतं, असं ती म्हणायची. उजेड जुळवणं जमत नाही. एका वस्तूवर उजेड डावीकडून आणि दुसरीवर उजवीकडून आला की डोळ्याला ते खुपतं, मग कारण सांगता येवो न येवो.

दोन वर्षांपूर्वी तिला माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत निगेटिव्ह होते, सगळे दादाने शिकताना काढलेले. दादा सतरा वर्षांचा झाल्यापासून पुढची अकरा वर्षं दर रविवारी, स्टुडिओ बंद असताना, बाबा त्याला शिकवत. समोर बसायला कुणी मिळत नसे म्हणून बाबा स्वतःच स्टुलावर बसत, हातात रंग तपासायचं राखाडी कार्ड धरून. दादा दिवे सरकवत राही आणि बाबा त्याच्या चुका काढत राहत. धाकटी त्याच्याहून सात वर्षांनी लहान. तिला आत यायची परवानगी नव्हती, कारण दार उघडलं की उजेड आत येतो. ती बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायची. "दिवा खाली घे. आणखी खाली. तुला दिसतं की नाही?" तिच्या लहानपणचे बाबा म्हणजे मुख्यतः बंद दारामागचा हा आवाज. तिला त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, आणि तिचा असा बसवून फोटोही कधी काढला नाही. विचारलं तर म्हणत, तुझा काय, कधीही काढू.

पेटीतल्या निगेटिव्हमधून तिने एकतीस निवडले आणि दादाला न विचारता स्कॅन केले. ही तिची चूक होती, आणि ती तिला त्या वेळीही ठाऊक होती. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

चित्राला तिने 'वाट बघणारे' असं नाव दिलं. एक लांबलचक प्रतीक्षा-खोली. फरशी पोहण्याच्या तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीतली, खिडक्या कचेरीच्या व्हरांड्यातल्या, आणि एकच लाकडी खुर्ची एकतीस कोनांतून टिपून मांडलेली. प्रत्येक खुर्चीवर बाबा. चाळिशीतले, पन्नाशीतले, केस पातळ झालेले, चष्मा आलेला, चष्मा बदललेला. ज्या निगेटिव्हमध्ये उजेड डावीकडून होता ते बाबा तिने खिडकीच्या या बाजूला बसवले, उजवीकडून होता ते त्या बाजूला. एकालाही तिने आरशासारखं उलटं केलं नाही, कारण मग भांग चुकीच्या बाजूला गेला असता. एकतीस माणसं एका खोलीत बसली होती आणि एकही दुसऱ्याकडे बघत नव्हता. कुणी घड्याळाकडे, कुणी दाराकडे, कुणी स्वतःच्या बुटांकडे. मूळ फोटोंत सगळे सरळ कॅमेऱ्यात बघत होते. ती नजर तिने वळवली, एका डोळ्याला कधी तास, कधी दीड तास देऊन. चौदा महिने लागले.

कलादालनाने चित्र प्रदर्शनासाठी घेतलं आणि समोरच्या भिंतीवर लावलं. पहिल्या आठवड्यात लोक त्यापुढे बराच वेळ उभे राहत. मग एका गिऱ्हाइकाने दादाला सांगितलं की तुमचे वडील दालनात लागलेत, तेही डझनावारी.

सोमवारी दुपारी दादाने दालनाकडे लेखी तक्रार दिली. त्याच्या निगेटिव्हवरून त्याच्या परवानगीशिवाय चित्र केलेलं आहे, ते उतरवावं. गुरुवारी दालनाच्या चिटणीस बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बाई शांत आणि काटेकोर होत्या, बरोबर दोन सभासद होते. दादा पेटी घेऊनच आला होता. वहिनी त्याच्या शेजारी बसली. धाकटी समोर.

तोपर्यंत बहीणभाऊ एकमेकांना पाण्यात पाहू लागले होते, ते त्या खोलीत कुणालाही कळलं असतं. दादा तिच्याविषयी तिच्यादेखत 'ह्या बाई' म्हणून बोलत होता. आयत्या बिळावर नागोबा, असं वहिनी म्हणाली. धाकटी म्हणाली की नऊ वर्षं दादाच्या वाईट फोटोंना माणसात आणायचं काम तिने केलं, तेव्हा बीळ कुणाचं आणि नागोबा कोण हे गिऱ्हाइकांना विचारा. चिटणीस बाईंनी दोघींना थांबवलं आणि दादाला विचारलं की त्याला नेमकं दुःख कशाचं आहे. परवानगीचंच असेल तर आता मागता येईल, देता येईल.

दादाने एक निगेटिव्ह काढला, मेजावरच्या, खालून उजेड येणाऱ्या काचेवर ठेवला, आणि वर भिंग धरून बाईंना वाकून बघायला सांगितलं.

"डोळ्यात बघा," तो म्हणाला. "बुबुळात. एक ठिपका दिव्याचा आहे. त्याच्या बाजूला दुसरा, उभा आहे, तो मी. सतरा वर्षांचा. प्रत्येक फोटोत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मी आहे. अकरा वर्षं तो माणूस माझ्यावर ओरडला, पण बघत माझ्याकडे होता. हिने मला पुसून काढलं. एकतीस माणसांच्या बासष्ट डोळ्यांतून."

धाकटीला ते ठिपके आठवत होते. मोठे करून पाहिल्यावर तिला ते दिसले होते, आणि तिने ते धुळीच्या कणासारखे साफ केले होते. धुळीचे कण नाहीत हे कळत असताना.

"मी काढलं," ती म्हणाली. "मला त्या डोळ्यांत तू नको होतास. मी पायरीवर होते, दादा. मला ते कधी समोरून दिसलेच नाहीत. मला जसे दिसले तसे मी बसवले."

"मग स्वतःचे फोटो काढायचे होतेस."

"कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

सभासदांनी बाजूच्या खोलीत जाऊन अर्धा तास घेतला. निर्णय साधा होता. निगेटिव्ह दादाचे आहेत, तेव्हा चित्र उतरवावं लागेल. स्कॅन आणि चित्रातला त्यांचा प्रत्येक अंश सर्वांसमोर नष्ट करावा लागेल. प्रदर्शनाचे उरलेले बारा दिवस मात्र भिंत धाकटीचीच राहील, तिला हवं ते तिने लावावं. वहिनी दादाकडे बघून हसली.

धाकटीने आपली हार्ड डिस्क दालनाच्या संगणकाला लावली. आधी तिने मूळ स्कॅन पुसले. मग चित्र उघडलं. असं चित्र एका कागदासारखं नसतं, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांसारखं असतं, आणि हरेक थरावर एकेक वस्तू. बाबांचे एकतीस थर होते. ती एकेक पुसत गेली. दादा मागे उभा राहून मोजत होता. घड्याळाकडे बघणारे गेले, बुटांकडे बघणारे गेले, दाराशी बसलेले म्हातारे गेले. प्रत्येकाच्या मागे खुर्चीचा राहिलेला भाग उघडा पडत गेला. एकतिसावे गेले तेव्हाही तिने मान वळवली नाही.

खोली रिकामी झाली. पण खुर्च्यांवर, फरशीवर आणि मागच्या भिंतीवर सावल्या तशाच होत्या. बसलेल्या माणसांच्या, एकतीस.

"ह्यासुद्धा," दादा म्हणाला.

"ह्या माझ्या आहेत."

"कुणाच्या सावल्या आहेत त्या?"

चिटणीस बाईंनी दादाला विचारलं की त्याच्या निगेटिव्हमध्ये सावली कुठे आहे, ती दाखवावी. दादाने पेटी उघडली नाही. पेटीतल्या एकाही निगेटिव्हमध्ये सावली नव्हती, आणि का नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. माणूस पडद्यापासून हातभर पुढे बसवायचा, सावली पडद्यावर पडली की फोटो फुकट, हा बाबांचा पहिला नियम. अकरा वर्षं त्या एका नियमावरून त्याने बोलणी खाल्ली होती. धाकटीने सांगितलं की तिने सकाळच्या उन्हात त्याच खुर्चीवर स्वतः बसून, स्वतःच्या सावलीचे फोटो काढून, त्यांवरून एकेक सावली हाताने रंगवली आहे. ते फोटो तिच्याकडे होते. बाईंनी ते पाहिले आणि सावल्या तिच्या असल्याचं लिहून घेतलं.

दादा पेटी उचलून निघाला. दारात वहिनीने काहीतरी विचारलं, त्याला ते ऐकू आलं नसावं.

शनिवारी त्याच भिंतीवर रिकाम्या खोलीचं चित्र लागलं. धाकटीने त्यात आणखी काही केलं नाही. पहिल्या चित्रापुढे लोक उभे राहत होते, याच्यापुढे आले की बोलणं थांबवत. एका म्हाताऱ्या बाईंनी चिटणीस बाईंना विचारलं, ही सगळी माणसं उठून कुठे गेली. बातमी छापून आली, आणि तीत भावाचा उल्लेख 'तक्रारदार' असा होता. वहिनी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटली की खोडरबराने शेवटी बापालाही खोडलं. ते धाकटीच्या कानावर आलं. तिने स्टुडिओत राहिलेला आपला चहाचा कप आणि शाल मागायला एक माणूस पाठवला. शाल आली, कप फुटल्याचं कळवण्यात आलं.

शेवटच्या दिवशी दालन बंद व्हायच्या सुमारास दादा आला. एकटाच होता. धाकटी दाराशेजारच्या मेजावर अभिप्रायाची वही चाळत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो चित्रापुढे पंधराएक मिनिटं उभा राहिला, हात पाठीशी बांधून. मग जाता जाता मेजापाशी थांबला.

"खिडकीकडून तिसरी चुकली आहे," तो म्हणाला. "ते तसे ताठ नाहीत बसलेले. उजवा खांदा पडला होता त्या वर्षी."

"माझी सावली आहे. माझ्या मनासारखी पडेल."

"पडू दे," तो म्हणाला आणि गेला.

त्याने काय करून ठेवलं ते तिला घरी जाईपर्यंत कळलं नाही. स्कॅन पुसले गेले होते. निगेटिव्ह त्याच्याकडे होते. त्या वर्षी बाबांचा खांदा खरंच पडला होता, की तिच्या चित्रात कायमचा खडा टाकून जावं म्हणून तो बोलला, हे पडताळायचा एकच मार्ग होता, त्याच्या दारात जाऊन मागणं. ते ती मेली तरी करणार नव्हती, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर ते चित्र पाहताना तिला तीस सावल्या दिसेनाशा झाल्या. तिसरी तेवढी दिसायची.

तिला एका छापखान्यात काम मिळालं. तिथे मुखपृष्ठं जुळवायची असत आणि कुणी तिला टोपणनाव ठेवलं नाही. सकाळचा वेळ मैत्रिणीच्या शिवणवर्गाच्या खोलीत. दादा रस्त्यात दिसला तर दोघांपैकी जो फुटपाथच्या कडेला असेल तो पलीकडे जाई. वर्ष असंच गेलं. मग दालनाने चित्र कायमसाठी मागितलं, पहिल्याच्या दुप्पट आकारात, जिन्यासमोरच्या भिंतीवर. मोठं करायचं म्हणजे सावल्या नव्याने रंगवणं आलं. तिसरीपाशी ती चार दिवस अडकली. पाचव्या दिवशी तिने खुर्ची उन्हात ओढली, तिच्यावर बसली, उजवा खांदा पाडला, आणि भिंतीवर काय पडतं ते टिपलं. तसंच रंगवलं. रंगवून झाल्यावर ती मागे सरून बघत राहिली. खुर्चीवरचा माणूस दमलेला होता. वर्षभर जो नुसता आकार होता, तो आता कुणाचा तरी बाप वाटत होता.

चित्र लागून आठवडा झाला आणि चिटणीस बाईंचा निरोप आला. दादाने पुन्हा तक्रार दिली होती. तिने सगळे स्कॅन पुसले नाहीत, निदान एक तरी लपवून ठेवला आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याच खोलीत, त्याच मेजापाशी तो उभा होता. या वेळी वहिनी नव्हती. त्याने निगेटिव्ह काचेवर ठेवला आणि चित्रातल्या तिसऱ्या सावलीचा कागद शेजारी ठेवला.

"तूच सांगितलंस की खांदा पडला होता," धाकटी म्हणाली.

"खांदा सांगितला. मान सांगितली नव्हती."

बाई वाकून बघू लागल्या. निगेटिव्हमध्ये उजवा खांदा खाली होता आणि मान डावीकडे किंचित कललेली, हनुवटी पुढे. सावलीचीही मान तशीच, त्याच मापाने कललेली. बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीने आपले सकाळचे फोटो मेजावर ठेवले. उन्हातली खुर्ची, तिच्यावर ती स्वतः, आणि भिंतीवर तिची सावली.

"मी फक्त खांदा पाडला," ती म्हणाली. "मान आपोआप गेली."

दादाने फोटो उचलला. निगेटिव्हशेजारी धरला. त्याचे डोळे यावरून त्यावर, त्यावरून यावर बराच वेळ फिरत राहिले. तोपर्यंत धाकटीनेही काचेवर पाहून घेतलं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेले बाबा, वर्षभराने. ते कॅमेऱ्याकडे बघत होते. भिंगाशिवाय डोळ्यातले ठिपके दिसत नव्हते.

तक्रार निकालात निघाली. बाईंनी तसं लिहिलं आणि कागद दादापुढे सरकवला. त्याने सही केली. निगेटिव्ह पाकिटात घातला, पाकीट खिशात. फोटो मात्र त्याने परत मेजावर उपडा ठेवला.

"बसतेस त्यांच्यासारखी," तो म्हणाला. "म्हणून ते तुझ्याकडे बघत होते असं होत नाही."

"नाही होत," धाकटी म्हणाली.

दादा पुढच्या जिन्याने उतरला. तो जिना चित्रासमोरून जातो. धाकटी चिटणीस बाईंपाशी थांबून राहिली. खालचं दार लागल्याचा आवाज आल्यावर तिने कागद ओढून घेतला, त्याच्या सहीखाली आपली सही केली, आणि मागच्या जिन्याने छापखान्यात निघून गेली. नंतर ती दोघं कधी बोलली नाहीत.